न केलेल्या बेरजा

“बेकादाग नोडोणा,” असं म्हणून सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विषय संपायचा. म्हणजे लागेल तेव्हा बघू. कोल्हापूरहून म्हैसूरला नोकरीला आल्यावर मी पहिलं कन्नड शिकलो ते हेच.

सर इथल्या जुन्या मराठी घरातले, आमच्या टीमचे प्रमुख. प्रोग्रॅमिंगची भाषाही त्यांनी स्वतःसारखीच निवडलेली, आळशी. उत्तर मागितल्याशिवाय ती हिशेब करतच नाही. “उगीच कशाला राबायचं रे? कुणी विचारलंच नाही तर?” हे सरांचं नेहमीचं.

बरं, हे कोडपुरतं असतं तरी चाललं असतं. आमच्या टेस्टिंगच्या मॅडमही इथल्याच मराठी. दोघांचं जमलंय हे कॅन्टीनच्या मांजरालासुद्धा ठाऊक. त्यात रविवारी मॅडमना बघायला हुणसूरचं एक स्थळ येणार होतं. “आईला काय सांगू?” असं त्या विचारायच्या आणि सरांचा चष्मा कपाळावर चढायचा. मला तर रागच यायचा.

त्याच आठवड्यात बसथांब्यांवरची गर्दी मोजणारा आमचा प्रोग्रॅम टेस्टिंगला गेला. प्रत्येक थांब्याला एक खण. प्रवासी चढला की त्या खणातला आकडा एकाने वाढवायचा. प्रोग्रॅम नुसता पळत होता. “पाहिलंस? स्वल्पही त्रास नाही,” सर खुशीत म्हणाले.

मग मॅडमनी कुवेंपुनगर थांब्याचा आकडा मागितला आणि मशीन आडवं झालं.

खणात आकडा नव्हताच. ‘आधीच्यात एक मिळव’ अशी एक चिठ्ठी, तिच्यावर तशीच दुसरी, असा सगळा ढीग. बेरीज कुणी केलीच नव्हती. आकडा मागताच सगळा ढीग एकदम अंगावर आला आणि मेमरी संपली.

“खणात लिहितानाच बेरीज करून टाका की,” मॅडम म्हणाल्या. “नंतर नंतर म्हणून किती साठवायचं?”

आम्ही सगळे मॉनिटरकडे बघत बसलो, तिथे बघण्यासारखं काही नसलं तरी.

सरांनी आळशी खण काढून कडक घातले, लिहिताक्षणी बेरीज करणारे. मॅडमनी पुन्हा मागितला, आकडा लगेच आला. त्यांनी पर्स उचलली. “माझं काम झालं. हुणसूरकरांना या म्हणून कळवते.”

“स्वल्प थांबा,” सर उठले. “कळवू नका. मी येतो तुमच्याबरोबर. आईंशी आत्ताच बोलतो.”

लग्नानंतर दोघं बेंगळूरूला गेली. मला इथे त्यांच्याशिवाय करमत नाही. डोळ्यांसमोर येते ती दुपार. मॅडम स्कूटर चालवतायत आणि मागे बसलेले सर, आईंपुढे काय बोलायचं त्याची मोठमोठ्याने तालीम करतायत.