झाकलेलं ताट

मास्तरांनी आयुष्यभर कोट शिवले. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहिलं की नजरेनंच माप घ्यायचे. म्हातारपणी कंपवातानं हात धरले, साखर तर जुनीच. सुई सुटली, नजर मात्र शाबूत होती, आणि ती आता सुनेवर खिळली होती.

सून गोड बोलायची. तिथंच मास्तरांना काळंबेरं दिसायचं. जेवणाआधी ती पोटात इन्सुलिन टोचायची, लगोलग कंपवाताची गोळी द्यायची आणि झाकलेलं ताट समोर ठेवून म्हणायची, अर्धा तास थांबा. तेवढ्यात मास्तरांना दरदरून घाम फुटायचा, हात जास्तच थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सांगावं तर म्हणे, गोळी अजून लागू पडली नाही, दम धरा! भुकेल्या माणसापुढे ताट झाकून ठेवायचं, ही कुठली रीत? दुकानाच्या जागेवर डोळा आहे बयेचा, दुसरं काय. मास्तरांना आता जेवणाच्या वेळेचीच धास्ती वाटायची.

शेवटी परगावी नोकरीला असलेल्या मुलाला त्यांनी फोनवर सुनावलं, बायको हवी की बाप, ते ठरव. मी इथं मरायला राहणार नाही.

मुलगा धावत आला आणि जेवणाच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन बसला. नेहमीसारखा घाम फुटताच बाईंनी बोट टोचून साखर पाहिली आणि आधी साखरपाणी पाजलं. मग विचारपूस केली. गोळीचा डॉक्टर वेगळा, साखरेचा वेगळा. म्हाताऱ्या माणसाला दोनदा त्रास नको म्हणून सुनेनं दोन्ही एकदमच उरकायला सुरुवात केली होती.

"गोळी उपाशीपोटी, बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण हे इन्सुलिन टोचलं की लगेच जेवायचं. ही थरथर कंपवाताची नव्हती, साखर उतरल्याची होती."

म्हणजे मास्तरांचा संशय खरा निघाला की! सुनेच्याच हातून होत होतं. ती पांढरीफटक पडली. यापुढे मी सुईला हात लावणार नाही, एवढंच म्हणाली आणि आत गेली. मास्तरांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी गोळी घेऊन अर्धा तास झाल्यावर मुलगा इन्सुलिन घेऊन पुढे आला. मास्तरांनी त्याला बाजूला सारलं, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले आणि सुनेसमोर सदरा वर केला.

"ताट वाढ आधी," ते म्हणाले. "मग तूच टोच."