घोट्यावरचं व्हायोलिन

मधुकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलीबांधा तलावाभोवती सकाळचा फेरफटका मारत होतो. तिथल्या बाकावर बसून रडलो. चार दिवसांनी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेला गेलो आणि रडू कुठल्या कुठे पळालं. मंचामागच्या फ्लेक्सवर कुणी एक टाय लावलेला गोरा माणूस, उभा, हनुवटीखाली व्हायोलिन धरलेला... आणि खाली काकांचं नाव, ‘ज्येष्ठ संगतकार’! काकांनी जन्मभर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर टेकवून वाजवलं. त्या घोट्यावर बोराएवढा घट्टा पडला होता. नव्या सचिवाला, आपल्याच मराठी पोराला, मी गाठलं. तो म्हणाला, “अंकल, वायलिन तो वायलिन है ना.”

रेल्वेतली कारकुनी सांभाळून हा माणूस काय काय वाजवायचा! पहाटे तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्यांत तोडीचा रियाज, संध्याकाळी रेडिओवर ख्यालाला साथ. कीर्तनात वाजवलं, ऑर्केस्ट्रात वाजवलं, छत्तीसगढी गाण्यांत वाजवलं, भनपुरीच्या वस्तीत बुद्धजयंतीला भीमगीतांच्या साथीला दरवर्षी न चुकता गेले. गायकानं ऐनवेळी पट्टी बदलली तरी हे शांत. आणि हेच त्यांना नडलं. सगळं येतं ना, मग बसवा कुणाच्याही बाजूला. आमच्या मंडळाच्या वार्षिक संगीतसभेत मुख्य कलाकार नेहमी बाहेरगावचा, हार त्याला, शाल त्याला. काका सतरंजीच्या कडेला.

तेव्हा सचिव मी होतो. एकदा सभा आटोपल्यावर व्हायोलिन पेटीत ठेवता ठेवता ते म्हणाले, “मले एक तास दे ना बाबू. एकट्यानं यमन वाजवतो.”

मी म्हटलं, हव काका, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी पुण्याहून कुणी यायला तयार झालं. काका काय, घरचेच... असं करत दहा-बारा वर्षं गेली. मग त्यांची बोटं थरथरायला लागली आणि त्यांनी विचारणंच सोडलं.

शोकसभेतून मी तणतणत थेट काकूंकडे गेलो. फ्लेक्सची सगळी कहाणी सांगितली.

“त्या पोट्ट्यावर काहून चिडून राहिला?” त्या म्हणाल्या. “तुह्यापाशी तरी आहे का त्यायचा एकट्याचा फोटो?”

माझ्याकडे सभांचे ढीगभर फोटो आहेत. प्रत्येकात मधोमध गायक, आणि कडेला काकांचा अर्धा खांदा, नाहीतर नुसता व्हायोलिनचा गज. ते बहुतेक मीच काढलेले आहेत. त्या पोरावर ओरडायला मी कोण लागून गेलो होतो?

खोलीत काकांची सतरंजी अजून अंथरलेलीच होती. पुढ्यात घोट्याखाली घ्यायचा पंचा, चौघडी करून ठेवलेला, मधोमध दबलेला. काकूंनी तो धुतलेला नाही. मी समोर जमिनीवर बसलो, श्रोत्यांनी बसावं तसा. पूर्ण एक तास बसलो.