शिळासप्तमीचा गरम भात

आमच्या घरात मायक्रोवेव्ह आला तेव्हा रत्नागिरीत गॅससुद्धा सगळ्यांकडे नव्हता. माझे धाकटे दीर बोटीवर नोकरीला होते. कुठल्याशा बंदरात त्यांना तो स्वस्तात मिळाला आणि सुट्टीवर येताना एसटीत मांडीवर घेऊन त्यांनी तो घरी आणला. आल्या आल्या कपभर पाणी आत ठेवलं, बटण दाबलं. आत दिवा लागला, कप गोल फिरू लागला, टिंग वाजलं आणि पाण्याला वाफ आली. सासूबाई चुलीपाशी बसून बघत होत्या.

"कपभर पान्यासाठी येवढं मोठं कपाट?" त्या म्हणाल्या.

स्टीलचं, पितळेचं काही आत घालायचं नाही, ठिणग्या उडतात, असं दिरांनी बजावलं. आता चहाचे कप सोडले तर आमच्या घरात दुसरं होतं काय! नव्याचे नऊ दिवस सरले, दीर परत बोटीवर गेले आणि त्या पेटीचा खरा उपयोग सासूबाईंनी शोधून काढला. पावसाळ्यात आमच्याकडे पापड, उदबत्त्या, काड्यापेट्या सगळं सादळतं. पेटीचं दार घट्ट बसायचं. तेव्हा पापड आणि काड्यापेट्या कायमच्या आत मुक्कामाला गेल्या. माझ्या धाकट्याने पापडांसाठी परदेशातून पेटी आणली, असं त्या शेजारणींना कौतुकाने सांगायच्या. मी शाळेत शिकवणारी बाई, मला ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगायचं तर तिच्यात काय शिजवावं ते मलाही कळत नव्हतं.

पुढच्या श्रावणात मी बाळंतीण होते. माहेर तिकडे मंडणगडला, आणि आई मी लहान असतानाच गेलेली. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच झालं. हे मुंबईला नोकरीला. घरात सासूबाई, मी आणि आता मुलगी. सासूबाईंनी कंबर कसली. रोज अंगाला तेल, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी आणि ताटात येईल ते चटका बसेल इतकं गरम. मऊ भात, त्यावर साजूक तूप. मी फुंकर घालायला लागले की रागवायच्या. बाळंतिणीच्या पोटात गार म्हणून काही जाता कामा नये! बोलण्यात भात निवला तर ताट परत जायचं आणि दुसरा भात यायचा. इतकं मला कोणी कधी जपलं नव्हतं. जेवता जेवता माझे डोळे भरून यायचे आणि त्यांना वाटायचं, भाजीला तिखट जास्त झालं.

आणि मग शिळासप्तमी आली.

हे व्रत सासूबाई दर श्रावणात करायच्या. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, सप्तमीला घरात विस्तव पेटवायचा नाही, शिळंच खायचं. त्या दिवशी शीतलादेवी घरोघरच्या चुलीत येऊन लोळते. चूल गार असली तर तिच्या अंगाचा दाह शमतो आणि ती पोराबाळांना आशीर्वाद देते. गरम असली तर पोळते आणि शाप देते. म्हणून चूल सारवून तिला हळदकुंकू वाहायचं. आम्ही गॅस घेतल्यापासून सासूबाई गॅसच्या शेगडीलाही हळदकुंकू लावायच्या. देवी चुकून तिकडे गेली म्हणजे?

आता झालं होतं असं, की इकडे आड आणि तिकडे विहीर. बाळंतिणीला गार द्यायचं नाही आणि घरात विस्तव पेटवायचा नाही. दोन्ही लेकराच्या भल्यासाठीच. आदल्या संध्याकाळी त्यांनी थर्मासमध्ये पेज भरून ठेवली, ती सकाळी माझ्या पोटात गेली. दुपारचं काय, ते त्या सकाळपासून मनाशी घोळवत होत्या. मधूनच उठून गार चुलीकडे बघायच्या, परत येऊन बसायच्या.

"शेजारून आणू या का गरम भात?" मी विचारलं.

"आपल्यासाठी पेटवलेली चूल ती आपलीच," त्या म्हणाल्या.

"मग द्या कालचा भात. शाळेत मी रोज गार डबाच खाते. एका दिवसाने काय होतंय?"

"गप बस!"

लग्न होऊन आल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मुलगी दचकली. त्यांनी तिला थोपटलं आणि थोपटता थोपटता, माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"माजी सासू पन हेच म्हनाली व्हती. येका दिवसानं काय व्हतंय. माज्या पयल्या बाळंतपनाला अशीच सप्तमी आली. मी गार भात खाल्ला. रात्री हुडहुडी भरली, ताप चढला, दूध आटलं. मुलगी व्हती. न्हाय ऱ्हायली."

घरात अशी एक मुलगी होऊन गेली हे मला माहीत नव्हतं. मला वाटतं, ह्यांनाही माहीत नव्हतं.

"मग तुम्ही व्रत सोडलं का नाहीत?"

"सोडू कशी? तिच्या नंतरचे दोगं जगले. आता सोडलं आनि त्यांना काय झालं तर? येक बोटीवर, येक मुंबईला. माज्या नजरेखाली हायत का ते?"

मी शिकलेली. गार भाताने ताप येत नाही हे मला ठाऊक होतं. पण ते सांगून त्यांना काय मिळणार होतं? त्या माझ्या ताटातला भात इतक्यांदा का बदलत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

आणि मला पेटी आठवली.

"आई, भावोजींच्या पेटीत विस्तव नाही."

"इस्तव न्हाय तर तापतं कशानं?"

"लहरींनी. रेडिओच्या असतात तशा."

"रेडिओवर भात तापतो?"

शाळेत हा धडा मी कधी शिकवला नव्हता. मी म्हटलं, "तुम्हीच बघा. भात तापला की आत हात घाला. पोळलं तर मी गारच खाईन."

यावर त्या कबूल झाल्या, पण वारापाऊस सुरू झाला की आमच्याकडे वीज जायचीच, तशी ती सकाळीच गेली होती. आम्ही दोघी वरच्या बल्बकडे डोळे लावून बसलो. मुलीला पाजलं, ती झोपली. मी भुकेने कळवळायला लागले, पण गार भाताचं नाव काढायची हिंमत नव्हती. अखेर एकदाचा बल्ब लागला.

सासूबाई लगबगीने उठल्या. आधी काड्यापेट्या बाहेर काढून लांब कोनाड्यात नेऊन ठेवल्या, मग पापड. चहाच्या कपात कालचा भात, तुपाचा गोळा, वर पाण्याचा हबका. बटण मी दाबलं. टिंग वाजेपर्यंत त्या हात जोडून उभ्या होत्या.

कपातल्या भातातून वाफ निघत होती. कप बाजूला ठेवून त्यांनी पेटीत हात घातला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा आधी काचेच्या थाळीवर ठेवला, मग डावीकडे, उजवीकडे, वर. जिथे कप होता तिथे थाळी जराशी कोमट असेल. त्यांनी पुन्हा एकदा सगळीकडून हात फिरवला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "द्येवी पोळायची न्हाय."

मग हळदकुंकवाची कोयरी आणून त्यांनी पेटीला दोन बोटं लावली, तेव्हा मला खरा धीर आला. कपात भात मावायचा तो किती! मी एक कप संपवायची, तोवर त्या दुसरा लावायच्या. बटण आता त्यांनीच दाबायला घेतलं होतं. "गरम हाय ना?" दर कपाला तोच प्रश्न. पोट भरलं का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मी हात आवरता घेतला तेव्हा कुठे त्यांनी स्वतःचं ताट घेतलं. कालचा भात, कालची तोंडल्याची भाजी. एवढ्या वर्षांत त्यांनी या दिवशी दुसरं काही खाल्लं नव्हतं. मी उठले, आणखी एक कप तापवला, तुपाचा एक घास कालवला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला.

"मला नको गो. मी काय बाळंतीण हाय?"

"आई, यात विस्तव नाही. तुम्हीच बघितलंत."

त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं. घास तोंडात बराच वेळ धरून ठेवला, जणू गिळला तर संपेल.

"गरम हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "त्या दिवशी मला येवढंच हवं व्हतं गो बाय. येक घास."

मी त्यांना जवळ घेतलं. सासूला कोणी असं जवळ घेत नाही, पण मी घेतलं. थोड्या वेळाने मुलगी उठली, म्हणून आम्हाला रडणं आवरावं लागलं.