निवेदनावरची पहिली सही

येडगावला धरणाच्या अंगाच्या एका वस्तीवर फायबरची वायर ओढत होतो, तेव्हा कुंदाचा फोन आला. कुंदा माझी धाकटी बहीण, घोडेगावला दिलेली. एरवी ती आधी घरच्या सगळ्यांची चौकशी करते आणि मग कामाचं बोलते. त्या दिवशी नुसतं "दादा, बाई गेल्या" म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून रडत राहिली. कोणत्या बाई, असं मी विचारलं नाही. आमच्या घरात बाई म्हणजे एकच… जुन्नरच्या मुलींच्या शाळेतल्या पीटीच्या शेखबाई. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. मी शिडीवरून खाली उतरलो आणि बरोबरच्या माणसाला म्हणालो, "आजचं राहू दे." मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच, आपल्याला असं वाटलं याची लाज वाटली. परवा बाईंना जाऊन चाळीस दिवस झाले, त्यांचा चाळिसावा झाला. ती लाज काही कमी झालेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

नसीम शेख हे त्यांचं नाव, पण गावात फार कमी जणांना ते ठाऊक असेल. बाई खडकीच्या. वडील तिथल्या कारखान्यात होते आणि कारखान्याच्या मैदानावर भावांच्या मागे जाऊन जाऊन त्या हॉकी शिकल्या. विद्यापीठाच्या संघातून खेळल्या, मग नोकरी लागून जुन्नरला आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. शाळेला मैदान होतं ते नावाला, सगळा मुरूम आणि दगड. पहिला महिनाभर बाईंनी मुलींच्या हातात स्टिक दिलीच नाही, घमेली दिली. रोज तासभर दगड वेचायचे. कुंदा घरी येऊन हात दाखवायची आणि आमची आई म्हणायची, "हाकी हाकी म्हनत्यात ती हीच का?" पुढे त्याच मैदानावरून मुली जिल्ह्याला खेळायला गेल्या. कुंदा त्यातली एक. एकदा आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेशी सामना होता आणि पंच आलेच नाहीत, तेव्हा दोन्ही शाळांनी मिळून बाईंनाच शिट्टी दिली. शेवटच्या मिनिटाला कुंदाने गोल केला आणि बाईंनी तो नाकारला. सामना गेला. कुंदा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या, तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "चेंडू तुझ्या पायाला लागला होता. मला दिसलं. तुलाही कळलं होतं ना?" कुंदाने मान हलवली. "मग जेव आता." बाई अशा होत्या. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही, निदान मला तरी तेव्हा तसंच वाटायचं.

मी पुढे केबलच्या धंद्यात पडलो. आमच्या पेठेतलं पहिलं कनेक्शन बाईंच्या घरी दिलं. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद उरला होता, हॉकी बघायची. त्यातही मुलींची. मी कधी बॉक्स बघायला गेलो आणि सामना चालू असला, की मला बसवून घ्यायच्या. आपल्या संघाची एक जुनी खोड होती. पन्नास-पंचावन्न मिनिटं जीव तोडून खेळायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत हातचा सामना घालवायचा. ती पाच मिनिटं सुरू झाली की बाई खुर्चीतून उठून खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या, तिची पाठ दोन्ही हातांनी धरून. "अगं, पुढे असताना मागे मागे कशाला येता? त्यांना घरात बोलवता का? बाहेर काढ, चेंडू बाहेर काढ…" आणि मग गोल बसायचा. बाई टीव्ही बंद करायच्या. "गाढवं आहेत सगळी. बास झालं. यापुढे मी बघणार नाही." त्यांच्या तोंडी गाढव ही सगळ्यात मोठी शिवी. आणि आठ-दहा दिवसांनी त्यांचा मला फोन, "सुनील, गुरुवारची मॅच कुठल्या नंबरला लागणार रे?"

हा नंबरच सारखा बदलत होता. आधी हॉकी सरकारी वाहिनीवर दिसायची. मग एका खाजगी कंपनीने प्रक्षेपणाचे हक्क घेतले, दोन वर्षांनी दुसरीने, मग पुन्हा तिसरीने. क्रिकेटचं असं झालं की अख्खं गाव माझ्या दुकानाच्या पायरीवर येतं. हॉकीचं झालं की फक्त बाई यायच्या. चार-पाच वर्षांपूर्वी हक्क अशाच एका नव्या वाहिनीकडे गेले, जी मी गावात देत असलेल्या पॅकमध्ये नव्हती. एकट्या बाईंसाठी ती चालू करता आली असती. एक फॉर्म भरायचा, नारायणगावच्या कंट्रोल रूमला दोन-तीनदा फोन करायचा, एवढंच काम. ज्या दिवशी बाईंनी विचारलं, त्या दिवशी आदल्या रात्रीच्या वादळाने निम्म्या गावाच्या वायरी पडल्या होत्या, दुकानात माणसं ओरडत होती, "सुनीलभाऊ, काल रातीपासनं टीव्ही न्हाई राव." त्या गर्दीत बाई शांतपणे मागे उभ्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा मी वर न बघता म्हणालो, "बाई, मुलींच्या मॅचेस आता दाखवतच नाहीत."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

एवढंच. खोटं असं मनात धरूनही बोललो नव्हतो, फक्त त्या वेळेपुरतं काम टाळलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता आलं असतं की बाई, सापडली वाहिनी. पण दुसऱ्या दिवशी वेळ नव्हता, तिसऱ्या दिवशी विसरलो, आणि आठवड्याने आठवलं तेव्हा ते सांगणं अवघड होऊन बसलं होतं. बाई पेपरात निकाल वाचायच्या. रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "काल जिंकल्या म्हणे. कशा खेळल्या असतील कोण जाणे." मी मान हलवायचो आणि गाडीला किक मारायचो. असं दीड वर्ष गेलं.

मग एका सकाळी बाई हातात कागद घेऊन दुकानात आल्या. स्वच्छ, वळणदार अक्षरात निवेदन लिहिलेलं होतं. आपल्या देशाच्या मुली जगभर खेळतात आणि त्यांचे सामने देशातल्या लोकांना दिसत नाहीत, खेड्यापाड्यांतल्या मुलींनी मग कुणाकडे बघून खेळायचं, अशा अर्थाचं. दिल्लीला पाठवायचं होतं. खाली सह्यांसाठी आकडे घातलेल्या ओळी होत्या. बाईंनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "पहिली सही तू कर. तुझा धंदाच हा आहे, तुझ्या सहीला वजन येईल."

तेव्हा सांगायला हवं होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी पेन हातात घेतलं, कागद पुन्हा एकदा वाचल्यासारखं केलं… आणि सही केली. बाई म्हणाल्या, "शिक्का आहे ना?" मी दुकानाचा शिक्काही मारला.

तो कागद घेऊन बाई महिनाभर फिरल्या. त्या वेळी त्यांचे गुडघे दुखत होते. आदितवारी बाजारात उभ्या राहिल्या, जुन्या विद्यार्थिनींच्या घरी गेल्या, एसटीने निमगाव सावाला जाऊन आल्या. कुणी हसायचं. "बाई, पोरं चिडवत्यात, हाकी कोन बघतंय आता?" तरी त्यांनी सगळ्या ओळी भरल्या आणि निवेदन रजिस्टर पोस्टाने पाठवलं. उत्तर आलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मोठी माणसं आहेत, वेळ लागतो." मला विचारायचं धाडस कसं झालं, हे आज कळत नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी कुंदाच्या मुलीचं बारसं होतं. बाई घोडेगावला गेल्या आणि कुंदाने त्यांना आग्रहाने ठेवून घेतलं. संध्याकाळी सहज म्हणून तिने टीव्ही लावला. तिच्याकडे छत्रीचं कनेक्शन, त्यावर सगळ्या वाहिन्या. ती म्हणाली, "बाई, बघा, आपल्या मुलींची मॅच." बाईंनी विचारलं, "हे जुनं आहे का?" कुंदा म्हणाली, "नाही हो, आत्ताचं आहे. रोज असतं की." बाईंनी पूर्ण सामना बसून पाहिला. शेवटच्या पाच मिनिटांतसुद्धा उठल्या नाहीत, हे कुंदाच्या लक्षात राहिलं. त्या झोपायला गेल्यावर तिने मला फोन केला. "दादा, तू बाईंना काय सांगितलं होतंस?" मी म्हणालो, "काही नाही." तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई एसटीतून उतरून थेट दुकानात आल्या. मी उभा राहिलो. शाळेत उभं राहावं तसाच. काय बोलायचं ते सकाळपासून पाठ केलं होतं. बाईंनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि म्हणाल्या, "काल तीन-दोन हरल्या. नवीन गोलकीपर चांगली आहे, पण बचाव फळी तिला एकटी टाकते." मग पेला खाली ठेवला. "सुनील, ज्यांनी सह्या केल्या त्यांना मी सांगते, की निवेदनाचा उपयोग झाला. आता दाखवायला लागले म्हणून. तू वेगळं काही बोलू नकोस. गावात तुझा धंदा आहे."

मी म्हणालो, "बाई…"

"संध्याकाळी येऊन चालू करून दे. शनिवारी पुढची मॅच आहे."

आणि त्या गेल्या. त्याच संध्याकाळी मी वाहिनी चालू केली. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. बाईंनी खरोखरच घरोघर जाऊन सांगितलं की दिल्लीवाल्यांनी ऐकलं, आणि सुनीलने फार पाठपुरावा केला. पंचाची शिट्टी हातात असताना स्वतःच्या शाळेचा गोल नाकारणारी बाई माझ्यासाठी पेठभर खोटं बोलत फिरली. लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देत होते. मी ती घेत होतो.

पुढे वर्षभरात हक्क पुन्हा बदलले. या वेळी टीव्हीवर काहीच नाही, सगळं मोबाइलच्या ॲपवर. हे मात्र खरं होतं, आणि तेच सांगताना माझी जीभ अडखळली. बाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. त्यांची पुतणी रुबिना हिने तिचा जुना फोन दिला, मी त्यावर ॲप घालून दिलं. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला मी जाऊन बसू लागलो. बाई चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरायच्या. चित्र मधेच गोठायचं आणि सुरू व्हायचं तेव्हा फलकावर आकडा बदललेला असायचा. "कुणी मारला? कसा मारला?" बाई विचारायच्या आणि मला सांगता यायचं नाही. एकदा मध्यंतरात मी धीर करून म्हणालो, "बाई, त्या निवेदनाचं… मला सांगायचंय." त्या फोनवरून नजर न काढता म्हणाल्या, "हरून आलेल्या मुलीला मी लगेच काही विचारायची नाही. आधी पाणी द्यायची. तिला बोलायचं असलं की ती आपणहून बोलते." मग माझ्याकडे वळून थांबल्या. मला बोलायला ती जागा करून दिली होती, हे मला कळलं. आणि तेवढ्यात खेळ सुरू झाला. मी म्हणालो, "सुरू झालं बघा." त्यांनी मान वळवली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. त्यांनीही नाही.

शाळेत शोकसभा झाली. निवृत्त मुख्याध्यापकांनी निवेदनाची गोष्ट सांगितली. म्हणाले, "एका शिक्षिकेने आणि तिला साथ देणाऱ्या एका साध्या केबलवाल्याने दिल्लीला जाग आणली." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुंदाही तिथे होती, ती खाली बघत होती. मला बोलायला बोलावलं. मी माइकपाशी गेलो, बाई फार मोठ्या होत्या असं काहीतरी म्हणालो आणि परत येऊन बसलो. तिथे सांगितलं नाही ते इथे सांगतो आहे. दिल्लीचा काही दोष नव्हता. सामने दिसत होते. ते फक्त बाईंना दिसत नव्हते, आणि ते माझ्यामुळे.

गेल्या आठवड्यात रुबिनाचा फोन आला, "सुनीलमामा, घर आवरतेय. तुमचा बॉक्स घेऊन जाल का?" गेलो. खोलीत सामान बांधून ठेवलं होतं, टीव्ही तेवढा भिंतीवर होता. बॉक्स काढायला हात मागे घातला, तर टीव्हीच्या बाजूला भिंतीला वहीचं एक पान चिकटवलेलं दिसलं. वर लिहिलं होतं 'हॉकी', आणि खाली एकाखाली एक वाहिन्यांचे नंबर. प्रत्येक नंबर काट मारून खोडलेला, कारण पुढे तो बदललेला. शेवटी ॲपचं नाव, तेही खोडलेलं, बहुतेक आम्ही पाहिलेल्या शेवटच्या सामन्यानंतर तेही हक्क कुठे गेले असावेत. त्याच्या खाली बाईंच्या त्या वळणदार अक्षरात एक ओळ होती. 'सुनीलला विचारणे.'

ती ओळ खोडलेली नव्हती. रुबिनाने विचारलं, "कागद काढू का?" मी बॉक्स न काढताच हात बाहेर घेतला आणि तिला म्हणालो, "थोडा वेळ राहू दे."