दादांचा अंदाज आणि निलेशचा टॅब

कबड्डीच्या एका सामन्याला आमचा पेपर ऐंशी शब्द देतो. त्यात कोण जिंकलं, किती गुणांनी जिंकलं आणि नारळ कोणत्या पुढाऱ्याने फोडला, एवढंच बसतं. पुढाऱ्याचं नाव कापलं तर रात्रीच्या आत फोन येतो. खेळाडूचं कापलं तर कुणाचाच येत नाही! शहापूर-मुरबाड पट्ट्यात तीस वर्षं मी या बातम्या दिल्या आणि जे ऐंशी शब्दांत मावलं नाही ते माझ्याकडे साचत गेलं. पूर्वी नाक्यावरच्या हॉटेलात चहाला आम्ही सातआठ जण असायचो. तिथे सांगून ते हलकं व्हायचं. आता कोणी लेकाकडे कल्याणला गेलं, कोणी वापीला, कोणी देवाघरी. टेबलावर मी एकटा. पोऱ्याही विचारत नाही, सरळ एकच कप आणून ठेवतो.

म्हणून लिहितोय.

*

यातले बहुतेक किस्से भास्करदादांचे. गावात त्यांची भाताची गिरणी आणि गावच्या कबड्डी मंडळाचे ते कोच, दोन्ही कामं चाळीस वर्षं. भाताचा दाणा दाताखाली धरायचे आणि ओल सांगायचे.

एकदा भिवंडीचा व्यापारी ओल मोजायचं मशीन घेऊन आला. दादांनी दाणा चावला. "ओला हाय. अजून दोन उन्हं दे."

व्यापाऱ्याने मशीन लावलं. मशीन म्हणे, माल सुका! तो हसला. "काका, तुमच्या दातापेक्षा हे महाग आहे."

दादा शांतपणे बोलले, "महाग हाय, पण उपाशी हाय. त्याला आधी जेवायला घाल."

व्यापाऱ्याने मागचं झाकण उघडलं. सेल उतरलेले! नवे घातले, तेव्हा मशीनही म्हणालं, ओला.

*

पण दादा म्हणजे देव, असं सांगणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्यांची फजिती मी डोळ्यांनी पाहिलीय.

मुरबाडच्या नाक्यावर एक तरुण चालत्या जीपमधून उतरला. पाय न अडखळता, मांजरासारखा. दादांनी जागेवरच त्याला पकडलं. "चढाईला हाच पायजे. मला आतून वाटतंय!"

पहिल्याच सामन्यात गडी तीनदा चढाईला गेला आणि तीनदा समोरच्यांच्या अंगाखाली सापडला. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या दिवशी तो जीपचं भाडं चुकवून पळाला होता.

दादा कपाळावर हात मारून बोलले, "तरीच! पळून जाणाऱ्याला परत यायची सवय कुठून असणार!"

*

मग निलेश आला. गावचाच मुलगा, इंजिनिअर, आसनगावच्या एका कंपनीत नोकरी. सराव मोबाइलवर शूट करायचा आणि टॅबवर आलेख काढायचा. पहिल्याच बैठकीत त्याने टॅब सगळ्यांसमोर धरला. "आपला डावा कोपरा बघा. संतोषच्या पकडी दर गुरुवारी निम्म्याने घसरतात. कारण सापडत नाय."

दादा बिडी विझवत बोलले, "गुरुवारी त्याचा उपास असतो, बाबा."

सगळे खो खो हसले. निलेशही हसला. मग त्याने विचारलं, "दादा, तुमाला म्हायती होतं, तर त्याला गुरुवारी खेळवता कशाला?"

दादा विझलेली बिडी पुन्हा पेटवायला लागले. चाळीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पुढच्या गुरुवारी संतोष बाकावर होता. पोटात साबुदाणा, तोंडावर सुतक.

*

माझं डोकं फिरलं ते मंडळाच्या सभेत. ठराव आला: निवड आणि डावपेच निलेशकडे, दादा आजपासून 'मार्गदर्शक'. लगेच शाल आली, श्रीफळ आलं. आपल्याकडे माणसाला दाराबाहेर काढायचं असलं की आधी खांद्यावर शाल घालतात!

मी उठलो. म्हटलं, "अंदाज म्हणजे काय अंगात येणं आहे का? हा माणूस चाळीस वर्षं रोज मैदानाच्या कडेला बसून बघतोय. तोही हिशेबच आहे, फक्त तो कागदावर नाही. त्याला मैदानावरून उठवलंत तर तुम्ही त्याची वही फाडताय!"

अध्यक्ष बोलले, "पत्रकार, तुमी बातमी लिवा. मंडळ आमी चालवतो."

मी तावातावाने बाहेर पडलो. वाटलं, चारपाच जण तरी मागे येतील. फाटकापर्यंत हळूहळू चाललो. कुणी आलं नाही. निलेश तेवढा आला, तोही माझी विसरलेली छत्री द्यायला.

*

गिरणी मैदानाच्या समोरच, रस्त्यापलीकडे. सरावाची शिट्टी झाली की दादा गिरणी चालू करायचे. भरडायला काही नसलं तरी. आवाजात शिट्टी बुडते.

एकदा मी ओरडून म्हटलं, "दादा, मशीन रिकामं फिरतंय!"

"फिरू दे," ते बोलले. "मालकपण रिकामाच हाय."

सहा महिने त्यांनी रस्ता ओलांडला नाही.

*

यंदाचा अंतिम सामना मुरबाडला होता. मी दादांना जवळजवळ ओढतच जीपमध्ये घातलं. आले, पण मांडवात येईनात. मागच्या बाजूला रस्त्याच्या कठड्यावर बसले, मांडवाकडे पाठ करून. मीही तिथेच बसलो. स्पीकरवरून गुण कळत होते.

शेवटची चढाई आमची आणि गुण समान. तेवढ्यात टाइमआउट झाला आणि कनातीखालून वाकून निलेश धावत आला. घामाने भिजलेला, हातात टॅब.

"दादा, हे बोलतंय किरणला पाठव. यंदाच घेतलेला गडी हाय, माझा जीव होत नाय. तुमी सांगा. तुमाला काय वाटतं?"

दादांनी डोळे मिटले. स्पीकर उरलेले सेकंद मोजायला लागला.

"किरणच," दादा बोलले.

निलेश धावत गेला. मिनिटभराने मांडव असा उसळला की कठड्यावरचे कावळे उडाले. जिंकलो! निलेशने माइक हातात घेतला. "माझी हिंमत नव्हती. दादा बोलले म्हणून पाठवला!" स्वतः अध्यक्ष बाहेर आले, दादांच्या पायाला हात लावला. "चूक झाली आमची. उद्यापासून मैदानावर या."

दादा फक्त मान हलवत राहिले.

परतीच्या जीपमध्ये मी कॉलर ताठ करून बसलो होतो. म्हटलं, "दादा, आता तरी सांगा. त्या किरणमध्ये तुम्हाला दिसलं काय?"

दादांनी पुढच्या जीपमधून गुलाल उधळणाऱ्या पोरांकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी वाकले.

"पत्रकार, कोणाला बोलू नको. त्यातला किरण कोणता रे?"