टाकीच्या स्टॉपवर कोणी चढत नाही

माझी आई पवईत लोकांच्या घरी पोळ्या करायची. 'करायची' असं लिहिताना अजूनही चिडचिड होते, कारण हे काम तिने सोडलं नाही, ते तिच्याकडून सोडवून घेतलं गेलं. आणि ज्याने सोडवलं त्याला चार शिव्या घालाव्यात तर समोर माणूससुद्धा नाही. एक सिस्टिम आहे. फार हुशार आहे म्हणे.

आई आरे कॉलनीत राहायची. तिथल्या एका वाडीत, वर टेकाडावर, पाण्याच्या जुन्या टाकीपाशी आमची खोली. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते आम्हाला घेऊन इथे आले आणि खालच्या तबेल्यात दुधाच्या कामाला लागले. मी कॉलेजात असताना ते वारले. दुसऱ्याच महिन्यात आईने पवईतलं पहिलं घर धरलं, मग दुसरं, मग तिसरं. माझं लग्न होऊन मी मुलुंडला आले तरी तिची घरं चालूच होती. दर दिवाळीत मी म्हणायचे, आई, आता बस झालं, चल माझ्याकडे. दर दिवाळीत ती तेच ऐकवायची, "जावयाच्या दारात रवूक मी काय लुळी पांगळी झालंय?" गुडघे तिचे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, पण ते कबूल करेल तर ती माझी आई कसली!

तिचं सगळं त्या सकाळच्या बसवर उभं होतं. बस खालच्या मोठ्या रस्त्यावरून वळून वर टाकीपर्यंत यायची, वाडीतल्या बायका घ्यायची आणि पुन्हा खाली उतरून पवईकडे जायची. सगळ्या कामाच्या बायका. कोणी धुणीभांडी करणारी, कोणी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी, आई पोळ्यावाली. निम्म्या आमच्यासारख्या कोकणातल्या, निम्म्या घाटावरून आलेल्या, विहारात जाणाऱ्या. एरवी पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटतील, पण बसमध्ये एकीची जागा दुसरी धरून ठेवायची.

आता या बसची एक पद्धत होती. टाकीपासून तबेल्यापर्यंतचा उतार म्हणजे रस्ता नव्हेच, नुसते खड्डे. बस अशी हेलकावे खायची की उभ्या माणसाला दोन्ही हातांनी दांडा धरावा लागायचा. कंडक्टरला तिकिटाचं मशीन दाबायचं तर तिसरा हात हवा. म्हणून तो टाकीला तिकीट फाडायचाच नाही. "बसा, बसा आधी, नीट धरून बसा," म्हणायचा, एखादीची पिशवी स्वतःच्या मांडीवर घ्यायचा आणि तबेला आला, गाडी सपाटीला लागली, की मग उठून सगळ्यांची तिकिटं द्यायचा. भाडं तेच पडायचं. बुडवाबुडवी कोणाची नाही. कंडक्टर बदलले, पण ही पद्धत नव्याला जुना सांगून जायचा, आणि नाही सांगितली तर बायका सांगायच्या. दुपारी परत येताना गवत आणायला निघालेला रिकामा टेम्पो तबेल्यापासून वर जायचा. बायका त्यात बसून यायच्या, गाणी म्हणत. मीही शाळेतून तशीच आलेली आहे.

मग ती सिस्टिम आली. खोटं कशाला सांगू, आधी मलाही कौतुक वाटलं. मुलुंडला आमच्या बिल्डिंगखालच्या स्टॉपवर बोर्ड लागला, बस किती मिनिटांत येईल ते त्यावर दिसायला लागलं. मोबाइलवर गाडी सरकताना दिसायची. कुठे किती माणसं चढतात ते मशीनच बघणार, त्याप्रमाणे फेऱ्याही तेच ठरवणार, असं छापून आलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, झकास काम झालं बघ, आपल्या लोकांना कोणीतरी अक्कल दिली.

आणि एका सोमवारी टाकीवर बस आलीच नाही.

बायका पिशव्या घेऊन ताटकळल्या. मग उतार उतरून तबेल्याशी गेल्या. तिथे ड्रायव्हर म्हणाला, "वर आता स्टॉप नाय मावशी. सिस्टिमनं काढला." आईने संध्याकाळी फोनवर मला हे असं सांगितलं, जणू सिस्टिम म्हणजे कोणी मोठे साहेब, आणि त्यांची मर्जी फिरली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, उतार तर उतरायचा. तो उतार सकाळी अंधारात उतरून बघा. पाऊस असला की सगळा चिखल, दोन्ही बाजूंना झाडी, बिबट्या महिन्यातून एकदा तरी कोणाच्या कुत्र्याला उचलतो. बायका एकमेकींचे हात धरून, ताट वाजवत खाली जायच्या. आई सगळ्यात मागे. गुडघ्यामुळे तिला उतार आडवं आडवं उतरावा लागायचा. खाली पोचेपर्यंत गाडी गेलेली. मग पुढची, मग उशीर. पवईतल्या पहिल्या घरी साहेबांना डबा लागायचा. त्या बाईंनी काही दिवस धीर धरला, मग गोड बोलून सांगितलं, "मावशी, तुम्हाला त्रास होतोय, आम्ही दुसरी बघितली आहे." त्रास मावशीला होतोय म्हणून मावशीचं काम काढायचं. केवढी ती माया!

मी अर्धा दिवस रजा टाकून बसवाल्यांच्या कार्यालयात गेले. एक तरुण साहेब भेटला. वाईट नव्हता, उलट खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणून तर जास्त राग येतो, भांडायला नीट माणूससुद्धा मिळत नाही. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"मॅडम, हे बघा. टाकी स्टॉप. तिकिटांप्रमाणे बोर्डिंग शून्य. आज नाही, जुना सगळा डेटा काढलाय आपण. तिथे कोणी चढतच नाही."

"अहो, माझी आई चढते तिथे!"

"डेटात नाहीये."

मी त्याला उताराचं सांगितलं, खड्ड्यांचं, तबेल्याला तिकीट देण्याचं. त्याने मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "हे इंटरेस्टिंग आहे." आमच्या बायकांच्या पोटावर आलेलं त्याला इंटरेस्टिंग वाटत होतं. पण पुढे तो म्हणाला, की एक महिना ट्रायल म्हणून बस वर पाठवू, त्या महिन्यात टाकीला आकडा दिसला तर स्टॉप परत कायम. मी त्याच्या पाया पडायचीच बाकी होते.

ट्रायलच्या आधी तो स्वतः वाडीत आला. समाजमंदिरात सगळ्या बायका जमल्या. त्याने छान मराठीत समजावलं. सॅटेलाइटवरून गाडी कशी दिसते, मशीन कसं शिकतं. एका बाईने विचारलं, "मग आमी काय करायचं?" तो हसून म्हणाला, "काही नाही मावशी. सिस्टिम आता फार हुशार आहे, सगळं आपोआप बघते. तुम्ही फक्त रोज बसमध्ये बसा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. तो गेल्यावर मी उभी राहिले आणि घसा फोडून सांगितलं, "आपोआप बिपोआप काही नाही. टाकीला चढल्या चढल्या तिकीट घ्यायचं. कंडक्टर नको म्हणाला तरी घ्यायचं." सगळ्या हो म्हणाल्या. पहिल्या दिवशी मी मुलुंडहून पहाटे येऊन त्यांच्याबरोबर बसले. कंडक्टर जुनाच, बायकांना ओळखणारा. मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले आणि गाडी हलायच्या आत प्रत्येकीचं तिकीट काढून घेतलं. आई खिडकीशी बसली होती. महाराणीसारखी.

पण मला रोज जाणं शक्य नव्हतं. मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसते, आमच्याकडे गर्दी सकाळचीच. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. "तिकीट काढलंस ना?" "काढलंय गो, किती येळा विचारतंस?" खोटं ती कधीच बोलली नाही. त्या महिन्यात सुटलेल्या घराच्या बदल्यात तिने दुसरं घर मिळवलंसुद्धा.

महिना संपला आणि बस बंद झाली. मी तणतणत त्या साहेबाकडे गेले. त्याने पुन्हा स्क्रीन वळवला. टाकीसमोर पहिल्या दोन दिवसांचे दोनच लहानसे खांब उभे होते, पुढे सगळं सपाट. आणि खाली तबेल्यासमोर खांबच खांब.

"तबेल्याला मात्र मस्त रिस्पॉन्स आला," तो म्हणाला. "सिस्टिमने तिथे एक फेरी वाढवलीय."

मला काय झालं ते तिथेच कळलं, तरी तशीच आरेला गेले. आई भाकऱ्या थापत होती. मी दारातूनच ओरडले, "तिकीट कुठे काढत होता तुम्ही?"

"खंय म्हणजे? तबेल्याक. नेहमीसारखा."

"मी घसा फोडून सांगितलं होतं ना?"

"अगो, दोन दिस काढला टाकीक. मगे ती पलीकडची म्हातारी मशीनकडे हात करूक गेली नि धाडकन आपाटली. तो बिचारो म्हणालो, बसा आधी, पडशात. तिकीट काय पळान जाता? तेका नाय कसा म्हणतलंय? आणि तो साहेब सांगान गेलो ना, मशीन आता शाणा झाला. तेका सगळा आपोआप कळता. आमी टाकीक चडलो ता तेका दिसला नाय?"

मी तिच्यावर ओरडले. खूप ओरडले. तू अडाणीच राहिलीस, तुम्ही सगळ्या अडाणी, स्वतःच्या हाताने स्वतःची वाट लावून घेतलीत. ती भाकरी थापत राहिली. खरं तर तिचं काय चुकलं होतं? कंडक्टरने म्हाताऱ्या बायकांना पडू दिलं नाही, बायकांनी त्याचं मन मोडलं नाही, आणि शिकल्यासवरल्या साहेबाने सांगितलं त्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. पूर्वी कोणी तरी एक बाबू असायचा, त्याला टाकीवर आणून उभं केलं असतं तर त्याला बायका दिसल्या असत्या. आता बघायचं कामच मशीनला दिलंय, आणि तेवढं सोडून त्याला सगळं येतं.

साहेबाला मी परत जाऊन हेही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण विश्वास सिस्टिममध्ये भरता येत नाही." पुढच्या आढाव्याच्या वेळी बघू म्हणाला. मी म्हटलं, "तोवर वर बस नाही, मग वर कोण चढलेलं दिसणार तुम्हाला?" यावर त्याने दुसरा चहा सांगितला. मी न पिता निघाले.

नवीन घर गेलं. मग जुनी दोन्ही गेली. वाडीतल्या तरण्या बायका अजून उतरून तबेल्याला जातात. म्हाताऱ्या एकेक करून घरी बसल्या. पावसाळ्याच्या शेवटी आईचा फोन आला. ती लुळी पांगळी झालेली नव्हती. एवढंच म्हणाली, "येऊन ने माका." मी इतकी वर्षं याच वाक्याची वाट बघत होते, आणि ते ऐकून मला हमसून रडू आलं.

आता ती मुलुंडला माझ्याकडे असते. पहाटे सवयीने उठते. माझ्या घरी पोळ्या लागतात चौघांच्या, त्या तिच्या हाताला किती वेळ पुरणार? मग ती खिडकीशी जाऊन बसते. खाली तो बोर्डवाला स्टॉप आहे. थंडगार, नव्या कोऱ्या बस बोर्डावर लिहिल्याप्रमाणे येतात, दारं उघडतात, बंद होतात, जातात. परवा मी डबा भरत होते, तेव्हा ती तिकडूनच म्हणाली,

"ह्यो गाडयो रिकाम्योच जातत गो. यातली एक थंय टाकीक धाडूक काय जाता तेंचा?"

मला उशीर झाला होता, डब्याचं झाकण लागत नव्हतं. मी वैतागून म्हटलं, "आई, तिथे आता कोण चढतं?"

"मी होतंय ना थंय," आई म्हणाली.