कमलीबाईची नसलेली कमली

त्या सालांत कामरगावच्या बाजारात दारूला कोणी दारू म्हणत नसे. कमली म्हणत. दारूबंदी होती, पोलिसांचे कान चहूकडे. म्हणून लोकांनी तांड्यावरच्या कमलीबाईचं नाव परस्पर उचललं. तिला विचारलं कोणी? छे! बाईच्या हाताला गुण असा, की तिच्या मोहाच्या दारूचा थेंब विस्तवावर पडला तर भक्कन पेट घ्यायचा. लवकर आंबावी म्हणून दुसरे घालत तो नवसागर तिनं कधी घातला नाही. "लोकाच्या पोटात जाते, बाप्पा," म्हणायची.

मग धाड पडली. प्यायलं अख्खं गाव, तुरुंगात गेली एकटी कमलीबाई. सहा महिन्यांनी सुटून आली, मडकी फोडली नि कानाला खडा लावला. नाव मात्र बाजारातच राहिलं. गावातला पुंजाजी, चांगला शेतीवाडीचा माणूस, पॉलिशचं स्पिरिट मिसळून 'कमली' विकू लागला होता. ती भर बाजारात ओरडली, "अरे, ते मायी नाही! नका पेऊ!"

मारोतराव पाटील हसला. "कमली आमी रोज पेतो बाई. तू कोण लागून गेली?"

सगळा बाजार खिदळला. मेल्यांना जनाची नाही, मनाचीही नाही.

तिचा एकुलता एक मोहनसिंग कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला होता. आई सुटली हे कळताच तो निघाला. मोटारीतून उतरला तोच पुंजाजीनं बाटली पुढे केली. "घे, तुया मायनं कालच काढली." पोरगं भोळं. उभ्या उभ्या रिकामी केली नि पुढं वाटेतच झाडाखाली आडवं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यावरच्या दोघांनी त्याला धरून घरी आणलं.

"याडी, दिवा लाव ना," तो आईला म्हणाला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कमलीबाईनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. पॉलिशचं स्पिरिट!

"काहून पेला रे, राजा?"

"तुयी म्हणून पेलो, याडी. सहा महिने तुया हातचं काही पोटात नव्हतं." श्वास लागला तसा तो थांबला. मग चाचपडत त्यानं आईचा हात धरला. "तुयाकडून काही चुकलं असंन. जाऊ दे. रडू नोको."

"मायी नव्हती रे! मोहन, आईक, मायी नव्हती!"

तांड्याच्या शेवटच्या घरापर्यंत ते ऐकू गेलं. मोहनसिंगाला गेलं नाही.